मी म्हणाले, शाळा सुटली

संध्याकाळी मला कोणी फोन करू नये, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. त्या वेळी माझे दोन्ही हात कणकेत असतात. हडपसरला आमच्या घराच्या जवळपास कंपन्या आहेत, तिथं काम करणाऱ्या मुलांना घरची पोळी लागते, आणि त्यावर माझं घर चालतं. मुलं दारात येतात, मोबाईलमध्ये डोकं घालून उभी राहतात आणि भाजी कुठली म्हणून विचारतात. मी म्हणायचे, "डबा उघडलात की कळेल." त्यांना याचं हसू यायचं. काकूंची भाजी तिखट की काकू तिखट, असं ते आपापसांत म्हणायचे आणि आणखी एखाद्या मित्राला डबा लावायला घेऊन यायचे. त्यामुळे जीभ हे माझं भांडवलच आहे असं मी समजत होते.

ही जीभ मी माहेरून आणलेली नाही. माझं माहेर लोणी काळभोर. तिथं आम्ही 'हाय' आणि 'न्हाय' बोलणारी माणसं, बोलायला बसलो की तासभर उठत नाही. लग्न होऊन इथं आले तेव्हा शेजारणी माझ्या बोलण्याला हसायच्या. मग मी त्यांच्याकडूनच शिकले. चार शब्दांचं काम दोन शब्दांत करायचं, आणि त्या दोनांतला एक टोचला पाहिजे. शिकले ती इतकी, की आता लोणीला गेले तर आई म्हणते, तू बोलतीस का भांडतीस तेच कळत न्हाय.

मला दोन मुलं. मोठी मुलगी आठवीत, धाकटा अजून अंगणवाडीत. नवरा टेम्पोवर असतो, माल घेऊन बाहेरगावी गेला की दोन-दोन दिवस घरी नसतो. धाकट्याला अंगणवाडीत घातला तेव्हा तिथल्या सेविकाताईंनी मला एका योजनेत बसवलं. योजना अशी की लहान मुलाच्या लशी वेळेवर द्यायच्या, दर महिन्याला वजनाला न्यायचं, मोठं मूल असेल तर ते शाळेत जात राहिलं पाहिजे. एवढं केलं की आईच्या खात्यात पैसे जमा होतात. नाही केलं की थांबतात.

मला आधी रागच आला होता. आपलीच पोरं, त्यांना आपणच शाळेत पाठवायचं, आणि त्याचे पैसे घ्यायचे? उद्या जेवू घातलं म्हणूनही बक्षीस देतील. सेविकाताईंना मी तसं म्हणालेही. त्यांनी शांतपणे विचारलं की मुलीच्या बसच्या पासचं काय करता. मग मी पैसे घेतले. पास निघाला, तिचे बूट झाले, धाकट्याची अंडी सुरू झाली. पण वजनाच्या दिवशी रांगेत उभी राहिले की मी रस्त्याकडे पाठ करायचे. समोरच्या सोसायटीत माझे चार डबे जातात, तिथल्या कोणी बघितलं तर काय म्हणतील, असं वाटायचं. लाज म्हणजे काय ते मला त्या रांगेत कळलं, असं मला तेव्हा वाटत होतं.

सेविकाताईंनी सांगितलं होतं की अधूनमधून पडताळणीचा फोन येईल, विचारतील ते नीट सांगा. मी बरं म्हणाले आणि विसरले. संध्याकाळी फोन काय कमी येतात? कर्ज घ्या, विमा घ्या, कार्ड घ्या. फोन ओट्याच्या वरच्या फळीवर असतो, कोपरानं हिरवं बटण दाबायचं, स्पीकरवर दोन वाक्यं ऐकायची आणि समोरच्याला वाटेला लावायचं. कोणाशी काय बोलले हे पोळी तव्यावरून उतरेपर्यंतही माझ्या लक्षात राहायचं नाही.

मग एक दिवस तो मेसेज आला. मी डबे भरत होते, हात पुसले आणि वाचला. 'आपल्या पाल्याने शाळा सोडल्याचे पडताळणीत आढळून आल्याने आपला लाभ स्थगित करण्यात येत आहे.' खाली मदत कक्षाचा नंबर आणि पत्ता होता. मी तो मेसेज उभ्यानंच पुन्हा वाचला. पाल्य म्हणजे माझी मुलगी, कारण धाकट्याला सोडायला अजून शाळाच नाही.

आता कोणीही शहाणी बाई काय करेल? शाळेत फोन करेल. निदान पोरीला आत बोलावून दार लावून विचारेल. माझ्या डोक्यात यातलं काही आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की गेले काही आठवडे ही उशिरा घरी येते. शाळा सुटते पाचला, आणि ही दिवेलागणीला येते, कपडे मातीनं भरलेले, चेहरा लाल. विचारलं तर काहीतरी पुटपुटते आणि हातपाय धुवायला जाते. मी मनातल्या मनात गणित मांडलं आणि उत्तरही काढलं. दोन्ही चुकीची होती, पण त्या क्षणी मला इतकी खात्री होती की उद्या सूर्य उगवेल याचीही तेवढी नसते.

ती आली तेव्हा दारात डबे न्यायला तीन-चार मुलं उभी होती. मी त्यांच्या देखत तिला विचारलं की दिवसभर कुठं होतीस. ती म्हणाली, शाळेत. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. तिनं वाचलं. तिला काही कळलं नाही हे मला आज आठवतं तेव्हा स्वच्छ दिसतं. भुवया वर गेल्या होत्या, तोंड थोडं उघडं राहिलं होतं. तेव्हा मला वाटलं की पकडली गेली म्हणून गांगरली.

"आई, मी शाळेतच होते," ती म्हणाली.

"मग सरकार खोटं बोलतं का?"

दारातल्या मुलांपैकी एकानं मान खाली घातली आणि तो मोबाईलवर उगाच बोट फिरवत राहिला. भाजी कुठली हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून युनिफॉर्म घालून आली. मी म्हणाले, सोडलीच आहेस तर सोड, घरी बस आणि पोळ्या लाट, निदान माझा एक हात तरी मोकळा होईल. मला ते बोलणं चांगलं जमलं आहे असंही वाटलं होतं, हे सांगायला हवं. तिनं युनिफॉर्म बदलला. घडी घालून कपाटात ठेवला. लाटायला बसली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. रडली असेल तर माझ्यासमोर नाही. मध्येच एकदा एवढंच म्हणाली की आई, शनिवारी सिलेक्शन आहे. मी विचारलं, "कसलं सिलेक्शन? तुझं इथंच झालंय सिलेक्शन." तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. धाकटा तिच्या मांडीत येऊन बसला, त्याला तिनं कणकेची चिमणी करून दिली.

नवऱ्याला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, शाळेत विचारलंस का? मी म्हटलं, तुम्ही या आणि विचारा. तो तेव्हा सोलापूरच्या पुढं कुठंतरी होता.

सोमवारी तिच्या वर्गाच्या बाईंचा फोन आला. दुपार होती, माझे हात मोकळे होते, म्हणून मी नीट ऐकलं. बाई काळजीनं विचारत होत्या की मुलगी आजारी आहे का. एक दिवस न चुकवणारी मुलगी, खो-खोच्या संघात तिचं नाव नक्की होतं, रोज शाळा सुटल्यावर मैदानावर थांबून सराव करायची, आणि नेमकी निवडीच्या दिवशी आली नाही. शेवटी तिच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागली. बाईंना वाईट वाटलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, बरं नाही का तिला?

मी म्हणाले, "हो. ताप होता."

मुलगी समोर बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं की खो-खोचं मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं होतं, तू पोळ्या लाटत होतीस, हो हो म्हणालीस.

त्या वेळी मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. चुकलं गं माझं, एवढं म्हणायला हवं होतं. पण मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. हा माझा जुना रोग आहे. राग आला तो त्या मेसेज पाठवणाऱ्यांचा. माझ्या हुशार, एक दिवस न चुकवणाऱ्या पोरीनं शाळा सोडली म्हणतात? कोणी शोध लावला हा? त्यांची चांगली हजेरी घेते, असं मी ठरवलं, आणि तिला म्हणाले, युनिफॉर्म घाल, आपल्याला जायचं आहे. पुरावा म्हणून मी पोरीलाच घेऊन निघाले.

मदत कक्ष हडपसरमध्येच, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होता. जिना चढताना मी वाक्यं जुळवत होते. 'अहो, आपल्या यंत्रणेला डोळे आहेत की नाहीत?' हे एक होतं. 'आपण लाभ स्थगित केलात, अक्कल कधी स्थगित केलीत?' हे दुसरं. दुसरं मला जास्त आवडलं होतं. वर एका लहानशा खोलीत काही बायका कानाला हेडफोन लावून बोलत बसल्या होत्या. योजना चालवायला तांत्रिक मदत पुरवणारी माणसं म्हणजे हीच. नोंदी चुकल्या, खातं जुळलं नाही, पैसे अडकले, की इथं यायचं. आम्हाला जिच्यासमोर बसवलं ती बाई माझ्याच वयाची असेल, बोलण्यावरून विदर्भाकडची वाटली. तिच्या टेबलावर अर्धा खाल्लेला डबा उघडाच होता. मी आधी तो पाहिला, सवयीनं. भात आणि वरण होतं.

मी माझी दोन्ही वाक्यं बोलले. तिनं ती ऐकून घेतली, मुलीला बसायला सांगितलं, माझा नंबर विचारला आणि संगणकात बघू लागली. मग म्हणाली की नोंद फोनवरच्या उत्तरावरून झाली आहे. मी म्हणाले की मला असा कुठलाही फोन आलेला नाही, आणि आला असता तर माझ्या मुलीनं शाळा सोडली असं मी म्हणेन का? मला वेड लागलंय का? ती म्हणाली, "ताई, कॉल रेकॉर्ड होतात. ऐकवू का?"

मी म्हणाले, ऐकवा ना. चांगला मोठ्यानं ऐकवा.

तिनं हेडफोनची वायर काढली. आधी कढईतल्या फोडणीचा आवाज आला. आमच्याच ओट्याचा. मग एका तरुण मुलीचा आवाज, शिकवल्यासारखं बोलणारा, योजनेकडून बोलतेय, दोन मिनिटं वेळ आहे का. त्यावर मी काय म्हणाले ते कळलं नाही. मग तिनं विचारलं की आपल्या मुलीची शाळा सुरू आहे का.

"शाळा सुटली," माझा आवाज म्हणाला.

ती मुलगी थांबली. तिनं विचारलं, कधी सुटली.

"सुटली हो कधीच."

"मग आता ती घरी असते का?"

"घरी कशाला येते ती! हिंडत असेल गावभर."

नंतर धाकट्याच्या लशीचं विचारलं होतं, मी झाल्या म्हणाले होते. मग त्या मुलीनं आभार मानायला सुरुवात केली, तर मी म्हणाले, "झालं का तुमचं? इकडं पोळी करपतेय." आणि फोन बंद.

खोलीत बाकीच्या बायका आपापल्या फोनवर बोलत होत्या. कोणीतरी कोणालातरी आधारचा नंबर परत सांगा म्हणत होतं. मी समोरच्या डब्यातल्या भाताकडे पाहत होते. मुलीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळची वेळ, घड्याळात साडेपाच, शाळेची घंटा होऊन गेलेली, ते मी त्या फोनवर सांगितलं होतं. शाळा सुटली, म्हणजे आजची सुटली, येईल आता. कुठल्याही घरात कुठलीही आई असंच म्हणते. पण पुढचं? हिंडत असेल गावभर, हे त्या परक्या मुलीला सांगायची काय गरज होती? ती विनोद म्हणून घेईल असं वाटलं असणार मला. आणि त्या वेळी माझी पोर मैदानावर पळत होती.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला तिथं खुर्चीवर बसूनच आठवली. लोणीला माझी स्वतःची शाळा अशीच सुटली होती. दहावीला. मी सोडली नव्हती, मला कोणी काढलंही नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं की वडील म्हणायचे, "तिची शाळा सुटली, आता घरीच हाय," आणि विचारणारा मान डोलवायचा. शब्दच असा की कोणाला दोष लागत नाही. रोज घंटा झाली की सुटते तीही शाळा सुटलीच, आणि एका दिवसापासून जायचं बंद होतं तीही सुटलीच. फोनवरच्या मुलीला दुसरा अर्थ लागला यात तिचं काय चुकलं? तिनं अशी कितीतरी घरं ऐकली असतील. आणि मला तर तो अर्थ जन्मभर माहीत होता.

ती बाई मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली की फोन करणाऱ्या आमच्या मुलीनंही परत विचारायला हवं होतं, होतं असं. एखादी उर्मट बाई असती तर मी भांडून मोकळी झाले असते. तिनं नोंद दुरुस्त केली, आता पैसे पुन्हा चालू होतील म्हणाली, आणि पुढचं काही बघून थांबली. म्हणाली, "ताई, जुनी नोंद निघाली. पण शाळेच्या हजेरीत आता खरंच गैरहजर दिसतेय. हे मागचे तीन दिवस, आणि आजचाही. कारण काय टाकू?"

तिनं पडदा थोडा माझ्याकडे वळवला. कारणं आधीच छापलेली होती, एक निवडायचं होतं. आजारपण. स्थलांतर. घरकाम. विवाह. इतर. मी वाचत राहिले. घरकाम या शब्दावर माझी नजर अडकली होती. ज्या जिभेवर मी घर चालवते म्हणते, ती टाळ्याला चिकटली होती.

"आजारी होते," माझी मुलगी म्हणाली. "ताप होता मला."

बाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आजारपण निवडलं. मुलगी हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. जी पोर खोटं बोलते म्हणून मी तिला चार लोकांत मारलं, ती खोटं बोलली ते असं. माझ्यासाठी. तेही माझंच खोटं, वर्गाच्या बाईंना सांगितलेलं, तिनं मेथी निवडताना ऐकून ठेवलेलं. शाळा चुकवायला लावली ती मी, संघातली जागा घालवली ती मी, आणि खोटं बोलायला शिकवलं तेही मीच. तिथं जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

परत येताना आम्ही चालत आलो. गाडीतळापाशी भेळवाला असतो, तिला ती भेळ आवडते. मी विचारलं, खातेस का. तिनं भूक नाही म्हणून सांगितलं. बरंच पुढं आल्यावर मी म्हणाले की तू खो-खोचं सांगितलंस तेव्हा मला खरंच ऐकू आलं नव्हतं गं. ती म्हणाली, "माहितीये. तू पोळ्या लाटत होतीस ना." आवाजात राग नव्हता. मी तो पुष्कळ शोधला.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत जायला लागली. मी वर्गाच्या बाईंना भेटून ताप नव्हता हे सांगितलं, सगळं सांगितलं, पण संघ ठरून गेला होता आणि त्यांच्याही हातात काही नव्हतं. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. मुलगी सरावाला अजून थांबते, इतर मुलींना खेळवायला कोणीतरी लागतं म्हणून. पैसे जमा होतात. मी वजनाच्या रांगेत आता रस्त्याकडे तोंड करून उभी राहते. कोणाला बघायचं असेल त्यानं बघावं, माझी लाज आता तिथं राहिलेली नाही.

संध्याकाळी फोन आला तर मी गॅस बंद करते, हात धुते आणि मग उचलते. कर्जवाल्यांनाही नीट 'नको हो' म्हणते. डबेवाली मुलं म्हणतात, काकू, हल्ली तुम्ही बोलत नाही. मी त्यांना भाजीचं नाव सांगून टाकते.

आणि मुलगी. पूर्वी ती दारातून दप्तर टाकतानाच ओरडायची, आई, शाळा सुटली. सगळीच पोरं ओरडतात. आता ओरडत नाही. चपला काढते, ओट्यापाशी येते, मी लाटणं थांबवून तिच्याकडे बघेपर्यंत थांबते.

"आई, आजची शाळा सुटली," ती म्हणते. "उद्या आहे."

ती मला चिडवते, की शिक्षा करते, की आता तिला खरंच भीती वाटते, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी फक्त, बरं, उद्या आहे, असं म्हणते. तेवढं ऐकल्यावर ती हातपाय धुवायला जाते.